अपुऱ्या दिवसांच्या बाळाची चुळबुळ

सातव्या महिन्यात झालेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असा एक समज आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. तो केवळ आपलाच आहे असेही नाही. प्राचीन ग्रीक वैद्यकाच्या ग्रंथांतही तो नमूद आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मातेच्या उदरात बाळाला जेवढे दिवस अधिक लाभतात, तेवढी त्याची जगण्याची शक्यता वाढते आणि जगल्यानंतर निरोगी राहण्याचीही. हा समज इतका काळ टिकला याचे कारण कदाचित असे असावे की, सातव्या महिन्यातले मूल जगले म्हणजे त्याची कथा गावभर होते. जी दगावली त्यांची गणती कोणी ठेवीत नाही.

वैद्यकशास्त्र हा काळ महिन्यांनी न मोजता आठवड्यांनी मोजते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे ही पूर्ण मुदत. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मले ते अपुऱ्या दिवसांचे बाळ. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मले ते फार अपुऱ्या दिवसांचे, आणि आजच्या विवेचनाचा विषय मुख्यतः हीच बाळे आहेत. २०२० साली जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख बालके अपुऱ्या दिवसांत जन्माला आली, म्हणजे दर दहा जन्मांत साधारण एक. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली. हा आकडा अन्य कोणत्याही देशापेक्षा मोठा आहे. ३२ आठवड्यांपूर्वीची बाळे यात थोडी असतात. परंतु पुढील आयुष्यातील अपंगत्वाचा धोका त्यांनाच सर्वाधिक असतो.

पूर्वी अशी बाळे बहुधा वाचत नसत. काचेची पेटी, प्राणवायू, फुप्फुसे उघडी ठेवणारे औषध, प्रसूतीपूर्वी मातेला द्यावयाचे स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि यांच्या जोडीला, यंत्राविना साधणारी, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत, या सर्वांमुळे आज त्यांतील पुष्कळ बाळे घरी जातात. अकराशे-बाराशे ग्रॅम वजनाचे मूल दोन महिन्यांनी दुपट्यात गुंडाळून घरी आणले जाते, पेढे वाटले जातात, आणि सर्वांना वाटते की संकट टळले. प्राणावरचे संकट बहुतांशी टळलेले असते हे खरे. मेंदूचे काय झाले, हा प्रश्न मात्र त्या घटकेला कोणाच्याच मनात नसतो.

गर्भाच्या मेंदूची फार मोठी वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. सहाव्या महिन्यात जवळजवळ गुळगुळीत असलेल्या मेंदूच्या पृष्ठभागावर या काळात घड्या पडतात, पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. मेंदूच्या मध्यभागी पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, आणि त्यांच्या कडेला नव्या पेशी तयार करणारा एक थर असतो. त्यातील रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. पूर्ण दिवसांच्या बाळात हा थर जवळजवळ नाहीसा झालेला असतो; तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात तो शाबूत असतो. जन्मानंतर श्वास अडखळला, रक्तदाब वरखाली झाला, की याच ठिकाणी रक्तस्राव होतो, आणि तो बहुधा पहिल्या तीन दिवसांतच होतो. याशिवाय पोकळ्यांच्या भोवतालच्या शुभ्र भागाला रक्ताचा पुरवठा कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला तर तो भाग दुखावतो. पायांकडे जाणाऱ्या आज्ञांच्या तारा पोकळ्यांच्या अगदी लगत असल्यामुळे अशा मुलांच्या हातांपेक्षा पाय अधिक ताठर होतात. मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे स्नायूंवरील ताबा बिघडणे यालाच सेरेब्रल पाल्सी म्हणतात.

हा संबंध प्रथम स्पष्टपणे मांडला तो विल्यम जॉन लिटल या लंडनच्या शल्यचिकित्सकाने, १८६१ साली. अपुऱ्या दिवसांचा आणि अवघड जन्म व पुढे दिसणारा हातापायांचा ताठरपणा यांची सांगड त्यांनी घातली, आणि बराच काळ हा विकार ‘लिटलचा रोग’ म्हणूनच ओळखला जाई. पुढे मनोविश्लेषणामुळे जगप्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड यांनी आपल्या मज्जाविकारांच्या अभ्यासाच्या काळात, १८९७ मध्ये, या मताला हरकत घेतली. अवघड जन्म हे कारण नसून आधीच बिघडलेल्या गर्भाचे ते लक्षणही असू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांचेही काही अंशी खरे ठरले. पण दोघांच्याही काळात डॉक्टरला मूल दिसे ते दोन-तीन वर्षांचे, चालू न शकणारे. जिवंत बाळाच्या मेंदूत डोकावण्याची सोय नव्हती.

ती सोय १९७० नंतरच्या दशकात झाली. अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड किलोहून कमी वजनाच्या ४६ नवजात बालकांच्या मेंदूची सीटी स्कॅनने तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २० जणांच्या मेंदूत रक्तस्राव आढळला. काहींच्या बाबतीत बाहेरून त्याची पुसटशीही खूण नव्हती. त्या अभ्यासात रक्तस्रावाच्या ज्या चार पायऱ्या ठरविण्यात आल्या, त्याच आजही डॉक्टर वापरतात. लवकरच सीटी स्कॅनची जागा सोनोग्राफीने घेतली. बाळाच्या डोक्यावर पुढच्या बाजूची टाळू मऊ असते. तेथे हाडाचा अडथळा नसल्यामुळे ध्वनिलहरी सरळ आत जातात. पेटीतून बाळाला न हलविता, क्ष-किरणांचा संसर्ग न होता, ही तपासणी हवी तेवढ्या वेळा करता येते. ती वारंवार करावीही लागते; कारण रक्तस्राव पहिल्या आठवड्यात दिसतो, तर शुभ्र भाग दुखावल्यामुळे पडणारी छिद्रे दोन ते चार आठवड्यांनंतर उमटतात. पहिल्या आठवड्यातील ‘सर्व ठीक’ हा अहवाल त्या आठवड्यापुरताच खरा असतो, हे पालकांना समजावून सांगितले पाहिजे.

सोनोग्राफीला मोठ्या जखमा दिसतात, विरळ पसरलेली इजा दिसत नाही. ती पाहण्यास एमआरआय हे साधन. बाळाच्या अपेक्षित प्रसूतीच्या तारखेच्या सुमारास, म्हणजे त्याचे ४० आठवडे भरतात तेव्हा, ही तपासणी करतात. तिला भूल द्यावीच लागते असे नाही. बाळाला दूध पाजून, कानांवर आवाज रोखणारे आच्छादन घालून, घट्ट गुंडाळले की ते बहुधा यंत्रातच झोपी जाते. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील अशा १६७ बालकांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अपेक्षित तारखेला ज्यांच्या मेंदूच्या शुभ्र भागात मध्यम वा तीव्र दोष दिसला, त्यांना दुसऱ्या वर्षी हालचालींच्या व बुद्धीच्या अडचणी येण्याची शक्यता पुष्कळच अधिक आढळली.

तथापि चित्र म्हणजे भविष्य नव्हे. मेंदूत लहानसा रक्तस्राव झालेली बहुतेक बालके वेळेवर चालू लागतात. उलट सेरेब्रल पाल्सी झालेल्या दहांपैकी सुमारे एका मुलाचे एमआरआय चित्र निर्दोष असते. जखम कोठे आहे हे यंत्र सांगते. त्या जखमेसह मेंदू काम कसे करतो, हे बाळाकडे पाहिल्यावाचून कळत नाही.

बाळाकडे कसे पाहावे, हे शिकविण्याचे श्रेय हाइन्झ प्रेख्टल यांच्याकडे जाते. हे मूळचे ऑस्ट्रियाचे (१९२७–२०१४). त्यांचे बरेचसे कार्य नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात झाले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाची शिस्त त्यांनी माणसाच्या पाळण्यापाशी आणली. तोवर डॉक्टर बाळाला तपासत ते टिचकी मारून, हात ओढून, उलटे धरून. आणि बाळ त्यावर काय प्रतिक्रिया देते याची नोंद करीत. प्रेख्टल यांनी बाळाला हातच लावला नाही. त्यांनी कॅमेरा लावला आणि ते आपणहून काय करते ते पाहत राहिले. कोणीही न डिवचता तान्हे बाळ हलते. हे हलणे त्याचा मेंदू स्वतः निर्माण करतो. गर्भावस्थेच्या नवव्या आठवड्याच्या सुमारासच या हालचाली सुरू होतात, हे १९८० नंतरच्या सोनोग्राफीने दाखवून दिले.

निरोगी बाळाच्या या हालचालींना एक क्रम असतो. पूर्ण दिवस भरल्यानंतरचे पहिले सहा ते नऊ आठवडे त्या आळोखेपिळोखे दिल्यासारख्या असतात: संथ, पीळदार, सबंध अंगभर पसरणाऱ्या. त्यानंतर त्या मावळतात आणि त्यांची जागा अगदी निराळ्या हालचाली घेतात. मान, खांदे, मनगटे, कंबर, घोटे यांत सतत बारीक, नाजूक, सर्व दिशांना होणारी हालचाल सुरू राहते. आपल्या भाषेत तिला ‘चुळबुळ’ हा शब्द चपखल बसतो. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात ती ठळक असते. पुढे मूल वस्तूकडे हात नेऊ लागते आणि चुळबुळ संपते. आपल्या आयाबायांनी ती हजारो वेळा पाहिलेली आहे. तिच्या नसण्याला काही अर्थ आहे, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते.

तो अर्थ १९९७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रेख्टल व त्यांच्या युरोपातील सहकाऱ्यांनी १३० बालकांच्या चित्रफिती पाहिल्या आणि त्या बालकांचे पुढे काय झाले याचा मागोवा घेतला. ज्या ७० बालकांची चुळबुळ निर्दोष होती, त्यांपैकी ६७ जणांची मज्जासंस्थेची वाढ पुढे नीट झाली. ज्या ६० बालकांत ती अजिबात नव्हती किंवा विकृत होती, त्यांपैकी ५७ जणांत पुढे दोष आढळला. केवळ पाहण्याने हाती लागलेला इतका स्पष्ट निष्कर्ष वैद्यकात विरळाच. चुळबुळीच्या आधीच्या काळातही एक खूण असते: सर्व अंग एकदम आवळते आणि एकदम सैल पडते, लाकडी बाहुलीसारखे. ही खूण आठवडेच्या आठवडे टिकून राहिली तर ताठर स्वरूपाच्या सेरेब्रल पाल्सीची दाट शंका घ्यावी लागते.

२०१७ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी उपलब्ध पुरावा एकत्र करून असे मत दिले की, ज्या निदानासाठी एरवी मुलाच्या वयाची १२ ते २४ महिने वाट पाहिली जाते, ते निदान सुधारित वयाच्या पाचव्या महिन्याच्या आतही करता येते. त्यासाठी हालचालींची पाहणी, एमआरआय आणि लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी २६ मुद्द्यांची शारीरिक तपासणी, या तिन्ही एकमेकींना पूरक ठरतात. तिन्हींत सर्वांत अचूक ठरली ती हालचालींची पाहणी, आणि खर्चही तिलाच सर्वांत कमी. मात्र चित्रफीत पाहून निर्णय देणारी व्यक्ती त्या विद्येत रीतसर प्रशिक्षित असली पाहिजे. आशा स्वयंसेविकेने, शिक्षकाने वा आजीने पाळण्यापाशी उभे राहून निकाल द्यावा, असा याचा अर्थ नाही. एका पाहणीवरून निकाल देण्याचे प्रशिक्षित माणूसही टाळतो.

येथे ‘सुधारित वय’ या शब्दांचा खुलासा केला पाहिजे, कारण पुष्कळशी फसगत त्यावरूनच होते. समजा, एका मातेची प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ ऑगस्ट आहे, आणि ती तिसाव्या आठवड्यात, ६ जून रोजी बाळंत झाली. घरचे लोक ६ जूनपासून वय मोजतील आणि ६ सप्टेंबरला म्हणतील, मूल तीन महिन्यांचे झाले. मेंदूच्या दृष्टीने ते त्या दिवशी जेमतेम तीन आठवड्यांचे असते. चुळबुळ पाहण्याचा उत्तम काळ, म्हणजे अपेक्षित तारखेनंतरचा बारावा ते सोळावा आठवडा; तो या बाळाच्या बाबतीत ७ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर असा येतो. आता आपल्याकडील व्यवस्था पाहा. आशा स्वयंसेविकेच्या बाळाच्या तिसऱ्या व सहाव्या महिन्यातील गृहभेटी जन्मतारखेवरून ठरतात. पहिली ६ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे फार लवकर. दुसरी ६ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे उत्तम काळ सरल्यावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. ते नेमके याच चार आठवड्यांत येईल असा भरवसा नाही. कोणाचीही कुचराई नसताना मूल निसटते.

हिशोबात आणखी एक गुंतागुंत आहे, तीही सांगून टाकावी. लसी जन्मतारखेपासूनच मोजून द्यावयाच्या असतात. डोळ्यांच्या दृष्टिपटलाची तपासणीही जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावयास हवी, नाहीतर टाळता येण्याजोगे अंधत्व येऊ शकते. फक्त वाढीचे व हालचालींचे वय अपेक्षित तारखेपासून मोजावयाचे. ती तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलेली असते. प्रसूती झाली की त्या तारखेकडे पुन्हा कोणी पाहत नाही, हीच अडचण आहे.

महाराष्ट्रात आणखी दोन गोष्टी आड येतात. पहिली माहेरची. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते. बाळाची नोंद, पेटीतील उपचार, घरी पाठविण्याचे कागद, सारे माहेरच्या जिल्ह्यात. दोन-तीन महिन्यांनी ती सासरी जाते आणि तेथील आशा स्वयंसेविकेला बाळ अपुऱ्या दिवसांचे होते हेच ठाऊक नसते. दुसरी गोष्ट ऊसतोडीची. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. वर दिलेल्या उदाहरणातील बाळ अशा कुटुंबातील असेल, तर ज्या महिन्यात त्याची चुळबुळ पाहावयाची त्या महिन्यात ते कारखान्याच्या तळावरील कोपीत, आईच्या पदराखाली असेल. ग्रामपंचायतीने टोळीबरोबर जाणाऱ्या तान्ह्या बाळांची नावे जाण्यापूर्वी नोंदवून कारखाना असलेल्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यास कळविणे, हे काम अवघड नाही. एका पोस्टकार्डाचे, आता एका दूरध्वनीचे काम आहे.

घरात जे बोलले जाते तेही कमी घातक नाही. ‘दिवस कमी भरलेत, जरा उशिरा धरेल मान’ हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते लोकांना पटते. सुधारित वय मोजूनही मूल मागे असेल तर तो उशीर नव्हे, ती खूण होय. एक मूठ सदा मिटलेली आणि दुसऱ्याच हाताने सारे धरणारे सहा महिन्यांचे मूल पाहून ‘डावरा होणार’ असे कौतुकाने म्हटले जाते. वास्तविक वर्षाच्या आत कोणत्याही एका हाताची सवय दिसू लागणे हे दुसरी बाजू दुबळी असल्याचे लक्षण असू शकते. अशा मुलाला डॉक्टरकडे नेले पाहिजे.

यावर कोणी विचारील की, मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग लवकर कळून काय उपयोग? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फुगवून देऊ नये. घरी गेल्यानंतर सुरू केलेल्या विकास-साहाय्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१५ साली घेण्यात आला. बुद्धीच्या वाढीवर त्याचा लाभ शाळापूर्व वयापर्यंत टिकलेला दिसला. हालचालींवरील लाभ लहान व बाल्यावस्थेपुरताच आढळला. चमत्कार येथे नाही. परंतु दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या खुब्यांची नियमित क्ष-किरण तपासणी होऊ लागली, आणि खुबा निखळण्याचा वेदनादायक प्रकार तेथे जवळजवळ नाहीसा झाला. निदान झालेच नाही तर खुबा तपासणार कोण? शिवाय कोणत्या बाजूला निजवावे, कसे धरावे, कसे भरवावे, हे आईला पहिल्या वर्षातच शिकवता येते. ज्यांना ‘वाट पाहा’ सांगितले जाते त्यांना ते मिळत नाही. त्या वर्षभर एका वैद्याकडून दुसऱ्या भगताकडे फिरतात आणि घरातील पैसा व धीर दोन्ही संपवून बसतात. उलट ज्या बाळाची चुळबुळ उत्तम आहे त्याच्या आईबापांना त्याच भेटीत मोठा दिलासा देता येतो, आणि अशी बाळेच अधिक असतात.

घरोघर जाऊन नवजात बालकाकडे पाहण्याची परंपरा या राज्याला नवी नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना शिकवून नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या कार्यातूनच पुढे देशभरच्या गृहभेटींची योजना उभी राहिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला. या कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयाशी जोडलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रे दिली. एमआरआय यंत्र प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही. तीन ते पाच मिनिटांची चित्रफीत मात्र साध्या दूरध्वनीवरही घेता येते: बाळ जागे, पोट भरलेले, रडत नसलेले, पाठीवर निजविलेले, हातपाय उघडे, जवळ खुळखुळा नाही, तोंडात चोखणी नाही आणि कौतुकाने बोलणारे कोणी समोर नाही. शेवटची अट आपल्याकडे सर्वांत कठीण. दुपट्यात आवळून बांधलेल्या बाळाची चुळबुळ दिसणार तरी कशी?

शिक्षकांचा संबंध याच्याशी येतो तो पुष्कळ वर्षांनंतर. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात घरी पाठविलेल्या, दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बालकांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. भारतात असे काम फार थोडे झालेले आहे. त्यात आढळले ते असे की, ज्या मुलांना कोणतेही ठळक अपंगत्व नव्हते, त्यांच्यातही पूर्ण दिवसांच्या मुलांच्या तुलनेने बुद्धिमापनात व अभ्यासात उणीव राहत होती. दिवस अपुरे आणि त्या दिवसांच्या मानानेही वजन कमी, अशा मुलांत ती सर्वाधिक होती. चौथीच्या वर्गात गणित न जमणारा, अक्षर वेडेवाकडे काढणारा, एका जागी न बसणारा मुलगा आळशीच असेल असे नाही. प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख विचारली जाते. मूल किती दिवसांचे असताना जन्मले, हा आणखी एक प्रश्न विचारून तो हजेरीपटाच्या मागे पेन्सिलीने टिपून ठेवण्यास कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.